गोळ्यांची डबी

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मी तिची आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरून दिली होती. वेळेवर झाकण उघडलं नाही, की ती डबी माझा फोन वाजवायची. महिन्याभराने ‘बिघडली’ म्हणून ती परत द्यायला दुकानात गेले. रांगेत माझ्यापुढे म्हातारे वडील आणि त्यांची मुलगी होती. मुलगी दुकानदाराला सांगत होती,

“ही डबी रोज उगाच माझा फोन वाजवते हो.”

“उगाच नाही गं. मी उघडतच नाही.”

“म्हणजे गोळ्या घेत नाही तुम्ही?”

“घेतो की. पाकिटातल्या घेतो, अगदी वेळेवर.”

“मग ही काय शोभेला आणली?”

“झाकण उघडलं, की तुझा फोन येत नाही.”

“बाबा, जीव टांगणीला लागतो माझा. वाटतं, पडलात कुठे.”

“मग दोन मिनिटं बोलतेस तरी. ओरडायला का होईना.”

मुलीने डबी पिशवीत टाकली आणि वडिलांचा हात धरून ती बाहेर गेली.

“तुमची कशी बिघडली, ताई?” दुकानदाराने विचारलं.

“बिघडली नाही. घरी सगळ्यांना मी तसं सांगितलं. आई गेली त्या सकाळी हिने तीनदा माझा फोन वाजवला. मी कामात होते. तिन्ही वेळा मीच तो बंद केला.”