नाकाला भोक पाडायचं नाही!

...आणि वर मलाच विचारतात, "वेंडेल, दोन भोकं ती केवढीशी, त्याचं एवढं काय घेऊन बसलास?" अहो, केवढीशी म्हणजे? भोक ते भोक! तुमच्या दाताला पडलं की गाल धरून घर डोक्यावर घेता ना? तेव्हा म्हणता का, जाऊ दे, केवढंसं आहे?

तुम्हाला सांगतो, साठी उलटेपर्यंत मी दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या गाड्या चालवल्या. एकीचं दार दोरीनं बांधलेलं, दुसरीच्या तळातून पायाखाली रस्ता पळताना दिसायचा. आमच्याकडे बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यावर मीठ ओततात, ते पत्रा कुरतडून खातं, आणि आपण बसायचं आज कुठे भोक पडलं ते बघत! शेवटी कागदाच्या गिरणीतून रिटायर झालो, आणि म्हटलं, बस्स, आता आयुष्यात एकदा तरी कोरी गाडी घ्यायची. घेतली! पिकलेल्या चेरीसारखा लाल रंग, आणि नाक... काय सांगू तुम्हाला, असं गुळगुळीत, असं तुकतुकीत, की मी सकाळी त्यात बघून भांग पाडायचो. म्हणजे, भांग पडण्याइतके केस होते तेव्हा.

तर मिशिगनमध्ये होतो तोवर सगळं सुखाचं चाललेलं. मिशिगनमध्ये नंबर प्लेट एकच, मागे. नाक मोकळं! आणि मग मला काय अवदसा आठवली, तर मी प्रेमात पडलो. तेही कुठे? पुलापलीकडे! आमचं मेनॉमिनी गाव मेनॉमिनी नदीच्या या काठाला, मॅरिनेट त्या काठाला, मध्ये एक पूल. पण पूल ओलांडला की राज्य बदलतं, विस्कॉन्सिन लागतं. तिथे हॉटेलात शुक्रवारच्या फिश फ्रायला, म्हणजे तळलेल्या माशांच्या जेवणाला गेलो, शेजारच्या टेबलावर बर्नडीन बसलेली, तिनं माझ्याकडे लिंबाची फोड मागितली, आणि झालं! ती म्हणाली, "लग्न करीन, पण नदी ओलांडून येणार नाही." मग काय करणार? ओलांडली मी. म्हातारपणी घरजावई झालो!

आणि विस्कॉन्सिनमध्ये, तुम्हाला सांगतो, प्लेटा दोन! गाडी नोंदवायला गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी दोन पुढे सरकवल्या. "ही मागे, ही पुढे."

"पुढे कशाला?"

"नियम आहे, साहेब."

"अहो बाई, पलीकडे तर एकच लागते!"

"मग पलीकडेच राहायचंत."

आता हिला काय सांगू? लिंबाच्या फोडीचं सांगू?

प्लेटा घेऊन डुएनकडे गेलो. डुएन म्हणजे ज्यानं मला गाडी विकली तो. मी तोंड उघडायच्या आत पठ्ठ्या ड्रिल घेऊन हजर, घर्रर्र करतोय! "आण इकडे वेंडेल, आत्ता पाडून देतो दोन भोकं. तुझ्याकडून काही घेणार नाही." काही घेणार नाही म्हणे! अरे, फुकट मुस्काटात मारलीस तर मी काय आभार मानू? मी गाडीच्या पुढे आडवा उभा राहिलो आणि सांगितलं, "डुएन, माझ्या गाडीच्या नाकाला मी कुणाला भोक पाडू देणार नाही. म्हणजे नाही!"

घरी आल्यावर बर्नडीन म्हणते, "अरे, बंपर प्लास्टिकचा आहे. गंजतोय थोडाच?" प्लास्टिकचा असला म्हणून काय झालं? वर रंग आहे ना!

मग मी शोध घेतला. बंपरच्या एका बाजूला छोटंसं झाकण असतं, माहितीये? त्याच्या आत आटे पाडलेले असतात, गाडी बंद पडली की ओढायचा हुक तिथे बसतो. त्याच आट्यांत एक दांडा फिरवून बसवायचा, दांड्याला आडवी पट्टी, पट्टीवर प्लेट! एकही भोक नाही! नियम पण पाळला, नाक पण राखलं. पण म्हटलं, थांब वेंडेल, गाडी धावली की प्लेट हलणार, हलली की घासणार, घासली की रंग जाणार. म्हणून आधी नाकावर पारदर्शक फिल्म चिकटवली, तर तिच्याखाली हे एवढाले बुडबुडे, गाडीला कांजिण्या आल्यासारख्या! काढून फेकली. मग प्लेटच्या पाठीला जाड, मऊ, हिरवागार फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं कापड हो, चिकटवला, चांगला दुहेरी. लग्नातल्या माझ्या कोटाला एवढं अस्तर नव्हतं हो! आतून बर्नडीनची हाक... "वेंडेल! माझा नाताळचा फेल्ट कुठाय?" मी आपला खाली वाकून पट्टी पिळत राहिलो.

आता आला शनिवार. शनिवारी संध्याकाळी सौना, म्हणजे गरम वाफेची अंघोळ, तीही ऊर्होकडे. ऊर्हो माझा थोरला भाऊ, मेनॉमिनीतच राहतो. आम्ही फिनिश माणसं, एक वेळ चर्च चुकेल पण शनिवारची सौना चुकणार नाही. तर मी ऐटीत गाडी लावली, आणि ऊर्हो टॉवेल गुंडाळून दारात उभा. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काय रे, बायकोनं वेसण घातली वाटतं?"

वेसण! माझ्या गाडीला! माझ्या भावानं! आणि आत सौनात सगळे भाऊबंद, गरम दगडांवर पाणी ओततायत, वाफ उठतेय, आणि जो तो विचारतोय, "वेंडेल, वेसण टोचते का रे?" अंगावर कपडा नाही, तोंड तरी कशात लपवणार?

पण मी काय ऐकून घेणाऱ्यातला आहे? पुढच्या शनिवारी पुलाच्या अलीकडे पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, दांडा फिरवला, प्लेट काढली, डिकीत टाकली. नाक मोकळं! आता तुम्ही म्हणाल, मागे विस्कॉन्सिनची प्लेट आहे त्याचं काय? तिथेच तर माझं डोकं! ऊर्होच्या अंगणात गाडी रिव्हर्समध्ये घेतली आणि मागची बाजू बर्फाच्या ढिगात पार रुतेपर्यंत दाबली. दारातून बघणाऱ्याला दिसतं काय? नुसतं नाक. मिशिगनचं, स्वाभिमानी नाक!

हिवाळाभर हेच केलं. जाताना पंपावर काढायची, येताना पंपावर लावायची. बोटं गारठलेली, दांडा फिरता फिरत नाही, पण पठ्ठ्या हटला नाही! एकदा येताना लावायची विसरलो, तर मागे लाल-निळे दिवे. उतरतोय कोण, तर टॅनर, बर्नडीनचा भाचा, पोलिसात आहे.

"काका, पुढची प्लेट कुठाय?"

"डिकीत."

"डिकी मागे असते, काका."

"बाबा रे, दंड लाव, पण मावशीला सांगू नकोस!" दंड नाही लावला त्यानं. मावशीला मात्र सांगितलं.

घरी बर्नडीन काही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं हो! नुसतं एवढंच म्हणाली, "एवढी लाज वाटते का रे, माझ्याकडे राहायची?" मी म्हटलं, "छे गं! ते... ते रंगासाठी!" आणि ऐका, ते खरंच होतं... बरंचसं.

मग बर्फ वितळला. अंगणात गाडी धुवायला काढली, प्लेट उतरवली, पाइप धरला, चिखल वाहून गेला... आणि बघतो तर काय! नाकाच्या ऐन मध्यावर ओरखडा! एक नाही, ओरखड्यांची अख्खी जत्रा! पट्टी मधल्या बाजूला आलेली ना, मग दर शनिवारी दांडा फिरवला की प्लेट नाकावरून गोल फिरणार, आणि तो माझा लाडका, मऊ, हिरवा फेल्ट... हात लावून बघितला तर रस्त्यावरची सगळी रेती आणि मीठ त्यात गच्च बसलेलं. पॉलिश पेपर झाला होता त्याचा! म्हणजे राखण करायला जो ठेवला त्यानंच घर लुटलं. कुंपणानंच शेत खाल्लं हो!

त्या शनिवारी ऊर्होकडे गेलो तो गाडी सरळ नेऊन उभी केली. आता लपवायचं तरी काय? ऊर्हो म्हणाला, "बरं झालं. अरे, तू निघून गेलास की बर्फाच्या ढिगात तुझ्या मागच्या प्लेटचा ठसा राहायचा. विस्कॉन्सिन! उलट्या अक्षरांत! हिवाळाभर आम्ही वाचत होतो." आणि ते सगळे पोट धरून हसले. मीही हसलो शेवटी, काय करता!

परत आलो तर बर्नडीन अंगणात उभी, हातात पुढची प्लेट. गाडीच्या नाकावर मधोमध धरली आणि म्हणाली, "बघ, दिसतंय का काही?" बघितलं. अलीकडून बघितलं, पलीकडून बघितलं, वाकून बघितलं. ओरखडा पार झाकलेला. जसा काही त्या मापानंच काढला होता! पण ती तिथे राहायची कशी? दांड्यावर लावली तर पुन्हा फिरणार, पुन्हा घासणार. मग राहायला काय लागतं?

डुएनला बातमी कशी लागते कळत नाही, पण सकाळी हजर, घर्रर्र करत! "आण वेंडेल, पाडून देतो." मी कडाडलो, "गाडीला हात लावायचा नाही, डुएन! मी सांगितलं होतं तुला, माझ्या गाडीच्या नाकाला मी कुणाला भोक पाडू देणार नाही! ते ड्रिल आण इकडे!"

आणि नाहीच पाडू दिलं कुणाला. बर्नडीननं प्लेट धरली, आणि माझी मी पाडली... दोन्ही.