आयतखाऊ पपई

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या शालूबाई आणि बाकावरच्या अनोळखी बाईंचं बोलणं काउंटरवरच्या वर्षाराणीला आपसूक ऐकू येत होतं. शालूबाईंची सून पलीकडं गुमान बसली होती.

"परड्यात पाच पपया हायत," शालूबाई सांगत होत्या. "फुलं नुसती झडत्यात, फळ एक धरंना."

"नर झाड हाय का?"

"हुतं की. फुलांच्या लांब माळा, फळ काय न्हाय. आयतखाऊ म्हणून आमच्या मालकांनी तोडलं."

"आता गं बया! आमच्या कुरुंदवाडात धा झाडांमागं एक नर राखत्यात. त्याचा पराग न्हाय, तर मादीला फळ धरंल कसं?"

"आन मी खुळी वर्षभर त्या पपयांस्नीच शिव्या देतोय! शेणखत घातलं, नारळ फोडला..."

"झाडांचा काय दोस?"

"माफीच मागतो आता त्यांची."

"हितं कशाला आलासा?"

"सुनंसाठी. चार वर्सं झाली, पाळणा हलंना. तिसरा डॉक्टर हा."

वर्षाराणीनं फाइल उघडली. "हिचे रिपोर्ट सगळे चांगले आहेत. हिच्या मालकांची तपासणी झाली का?"

"त्याची कशाला? पोरगा माझा ठणठणीत हाय की!"

सून पहिल्यांदाच बोलली.

"आत्याबाई, माफी मागाल तवा मी बी पपयांच्या रांगेत उभी ऱ्हाऊ काय?"