पाच भोकांची चाकं

फिनलंडमधल्या आमच्या कायानीत पहिला बर्फ पडला, की सगळ्या गावाला एकाच सकाळी हिवाळी टायरं आठवतात. मीही त्याच शहाण्यांतला, त्यामुळे टायरवाल्याकडे माझा नंबर एकविसावा. शेजारी एक म्हातारा कॉफी पीत बसला होता. तेवढ्यात एक बाई तरातरा आत आल्या आणि थेट त्या म्हाताऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"रायमो, शेडमधून माझी हिवाळ्याची चाकं तू उचलून आणलीस ना?"

"आत्ताच कळलं, हेल्का. नटांच्या पाच भोकांची निघाली. माझ्या गाडीला बसेनात."

"आणि काल तुझ्या शेडमधून मी तुझी उचलली, चार भोकांची. चाळीस वर्षं गणित शिकवलंस ना रे?"

"वरच्या वर्गांना. पाचापर्यंतची मोजणी खालच्या वर्गात असते."

"गेल्या वर्षीही हेच."

"त्याच्या आदल्या वर्षीही."

"घटस्फोटात चमचेसुद्धा मोजून वाटून घेतलेस!"

"चमच्यांना भोकं नसतात."

"आपली मुलगी म्हणते, टायरवालाच उन्हाळाभर चाकं सांभाळतो. त्याच्याकडेच ठेव."

"बरोबर म्हणते. तो नीट ठेवतो. मी काय, गाढव आहे."

"आहेसच."

"कॉफी घेतेस?"

"घेते. निदान खडूनं नावं तरी लिहू चाकांवर. खडू असेलच तुझ्याकडे."

"आहे खिशात. सवय जात नाही. हा घे."

बाईंनी खडू घेतला, बोटांत फिरवला आणि त्याच्यापुढे परत धरला.

"काय झालं?"

"राहू दे. ठेव परत. तुझ्या शेडमध्ये ओल असते, पुसून जाईल."

"हो. पुसूनच जाईल."