नॅडीनने गाडी मागे घेतली

(सन २००३, मे महिना संपत आलेला. यलोस्टोनच्या जंगलाच्या पश्चिम वेशीवरचं एक हॉटेल. उन्हाळ्यापुरतं कामाला येणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांच्या घरगाड्या, म्हणजे ट्रकमागे जोडून ओढत आणलेली चाकांवरची घरं, मागच्या आवारात लागतात. हॉटेलचं काम करायचं, बदल्यात जागा, वीज, पाणी आणि थोडा पगार. नॅडीन यंदा एकटीच आलीय. तिच्या ट्रकपाशी मॅनेजर क्रेग आणि जुनी शेजारीण ऑपल.)

क्रेग: कामाचं म्हणत नाही मी, नॅडीन. चादरी-टॉवेलांची खोली तुम्ही एकट्या सांभाळाल. पण जागा मिळते ती जोडप्याला.

नॅडीन: जोडपंच होतो की. फेब्रुवारीपर्यंत.

क्रेग: हो. ड्वेन गेल्याचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

ऑपल: वाईट वाटलं म्हणे! मग जागा दे की मेल्या.

क्रेग: ऑपल, मागचा वणवा विसरलात? रस्त्यात झाड आडवं पडलं, सगळ्यांना गाड्या मागे घेऊन वळाव्या लागल्या. ज्याला एकट्याने आपली गाडी मागे घेता येत नाही, त्याला कसा ठेवू मी? उद्या ठिणगी पडली तर?

नॅडीन: बरोबर बोलतोय तो.

ऑपल: अगं, तू कोणाच्या बाजूची?

नॅडीन: क्रेग, ॲरिझोनापासून इथवर मीच आणलीय गाडी.

क्रेग: वाटेत मागे किती वेळा घेतलीत?

नॅडीन: एकदाही नाही. सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल, तिथेच मुक्काम केला. एका पेट्रोल पंपावर अडकले, तर पुढचा हलेपर्यंत सँडविच खात बसले.

क्रेग: मग अवघड आहे. नऊ नंबरची जागा तेवढी उरलीय. एका अंगाला पाइनचं झाड, दुसऱ्या अंगाला विजेचा खांब. मागेच घ्यावी लागते.

नॅडीन: घेते. नाही जमलं तर तशीच निघून जाईन, तुला पुन्हा नाही म्हणावं लागणार नाही.

ऑपल: निघून कुठे जाशील? घर विकलंत तुम्ही. थांब, आमच्या हर्बला बोलावते. तो घालेल आत.

नॅडीन: हर्ब? गेल्या वर्षी गाडी मागे घेताना त्याने नळ उपटला होता.

ऑपल: तेही खरंच. बरं, निदान या मंडळींना तरी आत पिटाळते. आले बघ खुर्च्या घेऊन! कोणी गाडी लावायला लागलं की यांना कॉफी सुचते.

नॅडीन: बसू दे. अकरा वर्षं मीही अशीच मजा बघितलीय. बसा रे सगळे! नीट बसा! ही चढले मी ट्रकमध्ये.

ऑपल: स्टिअरिंगचं चाक खालून धर गं! हात जाईल तिकडे घराचं शेपूट जाईल!

नॅडीन: माहीत आहे. ओरडू नकोस.

क्रेग: गाडी झाडाकडे चाललीय. झाड, झाड! ...थांबल्या. उतरल्या का?

ऑपल: बघायला उतरली असेल.

क्रेग: मागे जाऊन उभ्या राहिल्या. ऑपल, त्या हात कोणाला करतायत? ट्रकमध्ये कोणी नाही.

ऑपल: गप.

क्रेग: अहो, पण...

ऑपल: गप म्हणते ना. इतकी वर्षं ड्वेन चाकावर आणि ही मागे उभी राहून खुणा करणारी. हात आपोआप वर गेला तिचा. हर्ब, कप खाली ठेव. कोणी हसलं तर याद राखा.

नॅडीन: ऑपल! बघितलंस ना?

ऑपल: काय? मी नाही काही बघितलं.

नॅडीन: खोटारडी. आवार चिडीचूप झालंय. रिकाम्या ट्रकला हात केला मी.

ऑपल: येऊ का तिकडे?

नॅडीन: बस तिथेच. अगं, खूण बरोबर होती! इथून स्वच्छ दिसतंय. शेपूट दोन हात डावीकडे हवं, मग सरळ. हेच सांगून सांगून घसा बसायचा माझा.

क्रेग: मग आता?

नॅडीन: आता खूण मीच करायची, नि पुढे जाऊन मीच पाळायची.

क्रेग: ...पुन्हा उतरल्या.

ऑपल: उतरू दे. वणवा नाही लागलेला अजून.

क्रेग: पुन्हा हात केला. चढल्या. खांब सुटला... झाडही सुटलं! अरे वा!

ऑपल: अरे वा काय? टोपी काढ तिच्यापुढे!

नॅडीन: क्रेग, हवी तर पट्टी आणून मोज.

क्रेग: पट्टी कशाला? चादरींच्या खोलीची किल्ली आणतो.

नॅडीन: आण. आणि ऑपल, ड्वेनने माझी एक खूण कधी धड पाळली नाही हं. हा ड्रायव्हर ऐकतो!

(सन २०१६, पुन्हा मे. फोनवर.)

नॅडीन: पोचलीस? गाडी लागली?

ऑपल: लागली. नऊ नंबरलाच.

नॅडीन: झाड?

ऑपल: झाड कधीच पाडलं. खांब आहे. तू कशी आहेस?

नॅडीन: गुडघे गेले, गाडी विकली, आता लेकीच्या शेजारी नेब्रास्कात दोन खोल्या. मेल्या हलतच नाहीत.

ऑपल: क्रेगने आयडाहोत स्वतःचं हॉटेल काढलंय. जोडपं आहे का, विचारत नाही म्हणे. गाडी मागे घेऊन दाखवा म्हणतो.

नॅडीन: शहाणा झाला. आणि तुझं गं? हर्ब गेल्यावर पहिलाच उन्हाळा.

ऑपल: मीही उतरून हात केला, नॅडीन.

नॅडीन: हर्बला?

ऑपल: हर्बला.

नॅडीन: लोक होते?

ऑपल: होते की, खुर्च्या घेऊन. नवी मंडळी. बिचारी उठून आत जायला लागली.

नॅडीन: मग?

ऑपल: मग काय. बसा म्हटलं.