गच्चीवरच्या सळया

इस्लामपुरात वेल्डिंगच्या दुकानात मी गेटची कडी जोडून घ्यायला थांबलो होतो. बाकावर शेजारी कुंडलचा एक माजी फौजी आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या मांडीवर चकचकीत जाळीची गुंडाळी होती.

“आवं, मिस्त्रीनं हातसुदीक लावला न्हाई जाळीला. जस्त चढवलंय म्हनला. तापली की इखारी धूर सुटतोय.”

“मग स्टीलची जाळी घिऊ.”

“लय पातळ असती ती. निखारं भरलं की वाकंल.”

“पन निखाऱ्याला टोपली तर पायजेच की. पिपाची भट्टी तयार हाय. नागालँडचा दोस्त येतोय, त्येला धुरावरचं मटान खायला घालायचं म्हंजे घालायचं.”

“घालायचंच. म्हनून म्हनते, जाड सळया घ्या. गच्चीवर हायत की.”

“कुठल्या?”

“खांबातनं वर काढून ठिवल्यात त्याच.”

“येडी हायस का? त्या ऋषिराजच्या मजल्याच्या हायत.”

“ऋषिराजनं पुन्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला जेवून आलो न्हवं आपुन?”

“तरीबी. एकदा कापल्या की वर मजला चढत न्हाई.”

“म्हाईत हाय. दर पावसाळ्यात गंजू ने म्हनून त्यांच्या डोक्यावर बाटल्या पालथ्या घालते मी. औंदा न्हाई घालनार.”

“आन पोरगं परत आलं तर?”

“खाली ऱ्हाईल. आपल्या दोघांला किती जागा लागती?”

फौजीनं जाळीची गुंडाळी बाकाखाली सरकवली.

“मिस्त्री, कटर घिऊन कुंडलला यायचं हाय. आजच.”

“या, पन आधी मला गच्चीवर जाऊ द्या. गेल्या सालच्या बाटल्या अजून तशाच हायत, त्या मी काढनार.”