पाहुणचाराचं पाणी

कोळसा खाणीचं काय काय आमच्या विहिरीत झिरपत असेल, माझी लेक स्वरा काय पीत असेल, या काळजीनं मला झोप लागेना. शेवटी पाणी तपासणारे भाऊ आले. बाटली देऊन म्हणाले, "ताई, विहिरीचं पाणी भरून द्या." आता परक्या माणसाला न गाळलेलं पाणी कसं द्यायचं? मी शिकलीसवरलेली, स्वयंपाकघरातलं उकळून गाळलेलं भरून आणलं!

स्वरा म्हणाली, "काका, हे तर गॅसवरचं आहे."

ते हसले. "ताई, मी पाणी प्यायाले नाही, तपासाले मागून राहिलो."

मग त्यांनी स्वतः विहिरीतून भरलं. काही दिवसांनी अहवाल आला, पाणी चांगलं निघालं. पोरीचे उपकारच म्हणायचे, नाहीतर मी माझ्याच गॅसचा अहवाल वाचून खूश झाले असते. विहिरीच्या पाण्याचा गिलास कौतुकानं तिच्यापुढे धरला.

ती म्हणाली, "आधी तू पी."