तेल लागलं तेव्हा बाबा

अरे, आमच्या बाबांच्या सत्काराची गंमत ऐक. समुद्रात तेलासाठी पहिल्या विहिरी खोदल्या, तेव्हा बाबा तिथे कामाला होते. "तेल माझ्या डोळ्यांसमोर लागलं," हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

परवा मुलुंडला त्या दिवसांच्या आठवणीत कार्यक्रम होता. निवेदिकेने स्टेजवर विचारलं, "काका, तेल लागलं तेव्हा काय वाटलं?"

पहिल्या रांगेत बाबांचे जुने सोबती बसले होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझी ड्युटी संपली होती. मी झोपलो होतो."

घरी आल्या आल्या आई म्हणाली, "अहो, मी तेव्हा अख्ख्या चाळीत पेढे वाटले!"

बाबा चप्पल काढत म्हणाले, "तेल लागलं म्हणूनच वाटलेस ना? मग ते लागलंच होतं."